काचेवरची वाफ

५ जानेवारी

आलो एकदाचे कोपरीत! डोंबिवलीचं तिसऱ्या मजल्यावरचं खुराडं सुटलं आणि ठाण्यात चक्क तळमजला मिळाला. सौमित्र खूश, वागळे इस्टेटचं ऑफिस जवळ आलं. पण त्याच्यापेक्षा जास्त खूश मी, कारण तळमजला म्हणजे वजनाची चिंता नाही, म्हणजे माझा फिशटँक! ऋतिकाला लहानपणापासून दमा. डॉक्टरांनी कुत्रा नको, मांजर नको, पोपटसुद्धा नको म्हणून बजावलेलं. आठ वर्षांची पोर, रडून रडून डोळे सुजवून घेतलेले तिने. शेवटी मीच म्हटलं, बाई गं, केस नाहीत, पिसं नाहीत असं काय उरतं? मासे! सहा फुटी टँक, आणि विकतचा नाही, आईच्या हातचा. सौमित्र म्हणतो, देवयानी, आधी घर तर लागू दे. घर काय, लागतंच.

९ जानेवारी

हॉलचा कोपरा पक्का. लोखंडी स्टँड खाडीच्या हवेने गंजेल, म्हणून विटांचा ओटा. फक्त नेमक्या त्याच कोपऱ्यात फरशीतून वीतभर पाईप वर आलाय, तोंड उघडं. जुनी ड्रेनेजची लाइन असणार. ऋतिकाने पाईपाला तोंड लावून लपाछपीतलं "कूऽऽक" केलं. आवाज परत आला नाही म्हणून बाईसाहेब हिरमुसल्या.

वरच्या मजल्यावरच्या मंजुळाबाई चहाला आलेल्या, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी सांगितलं की इथे विहीर होती. बिल्डिंग बांधताना बुजवली, पण बुजवलेल्या विहिरीलाही श्वास लागतो, म्हणून हा पाईप ठेवला. आजवर कुणी बंद केलेला नाही, तुम्हीही करू नका, म्हणाल्या. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाईंनी असं बोलावं! मी हो हो म्हटलं आणि बिस्किटं पुढे केली.

१२ जानेवारी

ग्राइंडरने पाईप फरशीलगत कापला, तोंडात सिमेंट कोंबलं, वर ओटा चढवला. ओट्यावर गोटी ठेवली तरी जागची हलत नाही. काय हात आहे माझा! ऋतिकाने विचारलं, आता विहीर कुठून श्वास घेणार? हसून हसून पुरेवाट झाली आमची.

२३ जानेवारी

काचा वागळे इस्टेटमधून कापून आणल्या, सिलिकॉनने जोडल्या, आठवडाभर वाळू दिल्या. ओट्यावर थर्माकोल, त्यावर टँक, तळाला वाळू. आज काठोकाठ पाणी भरलं. एक थेंब गळला नाही. सौमित्रने वाकून नमस्कार केला मला, नाटकी मेला.

४ फेब्रुवारी

मासे आले! आम्ही तिघंही काचेला नाक लावून बसलेलो. उठलो तेव्हा काचेवर वाफेचे दोन गोल होते. फडक्याने पुसून टाकले. आणि मुख्य म्हणजे, ऋतिकाला इनहेलर लागलेलाच नाही. छातीतली ती शिट्टी गायब! या वास्तूचा गुण म्हणायचा.

१० फेब्रुवारी

नौपाड्याच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, छाती एकदम शांत आहे, आवाज म्हणून नाही. मी रस्त्यातच रडले. पेढे घेतले, मंजुळाबाईंनाही दिले. त्यांनी टँककडे पाहिलं आणि पेढा तसाच हातात धरून निघून गेल्या.

१३ फेब्रुवारी

दुपारी लाइट गेले. हवेची मोटर बंद. तरी कोपऱ्यातल्या वाळूतून बुडबुडे येत होते. वाळूखाली अख्खी काच आहे, मी स्वतः बसवलेली. एक लांब, मग अडखळून दोन-तीन, मग थांबणं, मग पुन्हा लांब. कान लावला तर आत शिट्टी. ही लय मला पाठ आहे. आठ वर्षं उशाशी बसून ऐकलीय मी.

१४ फेब्रुवारी

मासे मेले. सगळे. वर तरंगत, तोंडं उघडी.

ऋतिका रडली नाही. नुसती बघत राहिली.

१५ फेब्रुवारी

तिला म्हटलं, काचेवर फुंकर मार गं. तिने गाल फुगवले, मारली. काच कोरडी. नाकाखाली बोट धरलं. काहीच नाही. ती हसली, आई, गुदगुल्या होतात.

देवा, माझी पोर श्वास घेत नाहीये.

सौमित्र म्हणतो तू दमलीयस. त्याचा हात धरून तिच्या नाकाशी नेला. आता तोच पुन्हा पुन्हा बोट धरून बघतोय.

१६ फेब्रुवारी

मंजुळाबाईंना खाली बोलावलं. त्यांनी एकच विचारलं, पाईप बंद करण्याआधी मुलीने आत तोंड घातलं होतं का. मी हो म्हटलं. म्हणाल्या, तिचा श्वास आत असताना तोंड बंद केलंत तुम्ही.

१७ फेब्रुवारी

पाणी उपसतोय. बुडबुडे मंद होत चाललेत – मध्ये खूप वेळ जातो –

लिहिलं नाही तर किंचाळेन.

तीच दुपार

ओटा फोडला. छिन्नीने सिमेंट काढलं. पाईपाने हवा अशी ओढली की माझी ओढणी तोंडाला चिकटली. मग खोकला. खालून. ऋतिकाचा, शिट्टीसकट. मग "कूऽऽक". मग – आई –

इनहेलर पाईपात मारतेय. पुरत नाही. सौमित्र फरशी फोडायला माणसं आणायला धावलाय – खाली खोकला कमी होतोय – कमी नको –

खोलीतली उठून आलीय. माझ्या मागे उभी आहे. मानेला तिचा श्वास लागत नाही. खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात विनवतेय, आई, ते परत बंद कर ना, मला आत्ता कुठे बरं वाटायला –