आईचं नाक आणि सतरा फूट

३ नोव्हेंबर, सोमवार

आईनं आजही फोटो नापास केला. सहावा!

"हे नाक बघ. माझं आहे हे?" मी म्हटलं, तुझंच आहे, दुसऱ्याचं कुठून आणू? तर फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि नाक मुरडलं. ज्याची तक्रार, तेच मुरडलं!

पुढच्या महिन्यात तिला पंचाहत्तर पूर्ण होतील. भिंतीवर बाबांच्या शेजारी लावायचा फोटो तिला आत्ताच, स्वतःच्या डोळ्यांदेखत हवा आहे. "मी गेल्यावर तुम्ही कुठलातरी ओळखपत्राचा फोटो मोठा करून लावाल. त्यात मी चोर दिसते." असलं अभद्र बोलू नकोस म्हटलं, तर म्हणे, "मग नीट काढ."

अठ्ठावीस वर्षं लोकांचे चेहरे टिपतेय. नवरे-बायका, रुसलेली पोरं, कुणाकुणाच्या खाष्ट सासवा — सगळे खूश होऊन जातात. घरच्या आईपुढे मात्र नाकी नऊ आले.

४ नोव्हेंबर

भिंगवाले काकांकडे गेले. बाबांच्या वेळेपासून तेच आमचे कॅमेरे विकतात आणि तेच दुरुस्त करतात. सहाही फोटो त्यांच्यापुढे मांडले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी एकेक अगदी नाकाशी धरून पाहिला.

"किती लांबून काढलेस?"

"पाच-सहा फूट."

"मग लेन्सला कशाला दोष देतेस? जवळ गेलं की कुणाचंही नाक मोठंच दिसतं, अगं. लांब सरक. आणि लांब सरकलीस की आई मुंगीएवढी दिसेल, ती जवळ आणायला लांबची लेन्स."

तीनशे मिलिमीटरवाली, फार लांबचं जवळ आणणारी झूम मी हातात घेतली तर त्यांनी काढून ठेवली. ती पक्षी टिपणाऱ्यांची, म्हणाले. चेहऱ्यांना सत्तर ते दोनशे पुरे. त्यात दोन निघाल्या. एक २.८ची — मोठं तोंड, अंधारातही काम करणारी, वजनाला भरलेल्या पाण्याच्या बाटलीसारखी. दुसरी ४ची — बारीक, निम्म्या वजनाची. किंमत ऐकून दोन्ही खाली ठेवल्या. "आठ दिवस वापरून बघ, मग बोलू," काका म्हणाले. अर्थातच मोठी उचलली. हावरट कुठली!

५ नोव्हेंबर

लेन्स उत्तम. खोली नालायक.

आईला पडद्यापुढे बसवलं. मी मागे सरकले, सरकले, आणि पाठ फळीला टेकली. सहा फूट! दोनशेवर बघते तर चौकटीत नुसता चेहरा, कपाळही कापलेलं. सत्तरवर आणली तर आई नीट मावली, पण नाक पुन्हा तेवढंच. असणारच. मी तिथंच उभी होते ना!

सातवा फोटो नापास.

ही फळी म्हणजे दादानं ठोकलेली. बाबांचा स्टुडिओ एकच लांबलचक खोली होती, बावीस फूट. ते गेल्यावर दादा म्हणाला, आता सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे, फोटो कोण काढून घेणार? झेरॉक्स आणि प्रिंटचं मशीन टाकू. मी म्हटलं, बाबांचं नाव बुडवशील. तो म्हणाला, तुझ्या हट्टापायी पोटं बुडतील. आणि मग मी जे बोलायचं नाही ते बोलले — "तुला आयुष्यभर दुसऱ्यांच्या नकलाच काढायच्यात, तर काढ!"

दुसऱ्याच आठवड्यात मध्ये प्लायची फळी उभी. अकरा फूट त्याचे, अकरा माझे. दोघांची दारं रस्त्याकडे, वेगवेगळी. चार वर्षं झाली. तो पलीकडे शिंकला तरी ऐकू येतं, पण बोलणं नाही. दुपारपर्यंत आई माझ्याकडे बसते, दुपारनंतर त्याच्याकडे. काही कळवायचं असलं की तिच्याकरवी. विजेचं बिल, वहिनीची तब्येत, सगळं आईच्या तोंडून. आई म्हणजे आमचं टपाल.

७ नोव्हेंबर

आज शहाणपणा केला. आईला आत भिंतीपाशी रस्त्याकडे तोंड करून बसवलं, दार सताड उघडलं, आणि मी समोर फुटपाथवर तिपाई लावून उभी राहिले. पंधरा फूट मिळाले!

पहिल्या फोटोत आईपुढून सायकल. दुसऱ्यात एका बाईची छत्री. तिसऱ्याला एक गृहस्थ थांबले आणि आईकडे बघून मला म्हणाले, "कोण आहेत या? टीव्हीवर येतात का?" आईनं पदर सारखा केला आणि चक्क मान हलवली! चौथ्यात ती हसतेय, पण त्या गृहस्थांकडे.

आत आले तर म्हणते, "शेवटी आणलंस ना मला रस्त्यावर."

शेजारच्या दारात दादा उभा होता. हसत होता बहुतेक. मी पाहिलं तसा आत गेला.

८ नोव्हेंबर

रात्री जेवताना आईनं नवीनच काढलं. तिचा एक फोटो आहे म्हणे, माझ्या जन्माआधीचा, बाबांनी काढलेला. "त्यात माझं नाक कसं, चाफेकळी! तुझे बाबा लांऽऽब उभे राहायचे. ते आता दादाचं मशीन आहे ना, तिथे."

"कुठंय तो फोटो?"

"दादाच्या ट्रंकेत असेल. बाबांचं सगळं सामान त्याच्याकडेच गेलं की. जा, माग."

चार वर्षांनी जायचं आणि नाक घासायचं? तेही नाकासाठीच! भात चिवडत बसले.

पण डोक्यातून जाईना. बाबा तिथे उभे राहायचे. सतरा फूट तरी भरतील.

९ नोव्हेंबर, रविवार

कपडे धुतले. लेन्स पेटीत. कुणाशी बोलावंसं वाटलं नाही.

१० नोव्हेंबर

उजवं मनगट सुजलंय. मोठी लेन्स परत द्यायला गेले. काकांनी मनगट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"स्टुडिओत दिवे आहेत ना तुझ्याकडे?"

"आहेत."

"मग अंधारासाठी वजन का उचलतेस?"

खरंच की! २.८ लग्नघरात, रंगमंचाखाली धावणाऱ्यांची. मी एका जागी उभी राहून दिवे लावून चेहरे काढणार. ४वाली घेतली. हात जरा हलला तरी ती सांभाळून घेते. काका म्हणाले, "तुझे बाबाही नेहमी आधी मोठीच उचलायचे." हे मला माहीत नव्हतं. ऐकून इतकं बरं वाटलं की घरापर्यंत चालत आले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज एक पान पुरणार नाही.

दुपारी आई वहिनीबरोबर दवाखान्यात गेली होती. मी रिकाम्या खुर्चीवर उशी ठेवून नवी लेन्स तपासत होते. अजून चार बोटं मिळतील म्हणून पाठीनं फळी रेटली. करकरली. आणि पलीकडून आवाज आला —

"ढकलू नकोस. पडेल."

चार वर्षांतलं पहिलं वाक्य! मला काय सुचावं? म्हटलं, "तुझी फळी मला टोचतेय."

मशीन थांबलं. मग, "किती लागेल?"

"काय?"

"जागा."

"सतरा फूट." मग मीच विचारलं, "आई बोलली तुला?"

"आठ दिवस दुसरं काही बोलतेय का? रोज दुपारी मला नाक दाखवते. मी म्हटलं, आई, मी झेरॉक्सवाला आहे, नाकाचा डॉक्टर नाही."

मला हसू फुटलं. दाबायला गेले तर रडूच आलं. फळी होती मध्ये म्हणून बरं. त्यालाही कळलं असणार, घसा खाकरला.

"परवा गुरुवार. सकाळी गिऱ्हाईक नसतं," म्हणाला. मशीन पुन्हा सुरू.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दादा दहाला आला. माझ्या दारातून! केस किती पिकलेत त्याचे. आवाज रोज ऐकत होते, केस थोडेच ऐकू येतात.

चौदा स्क्रू. त्यानंच बसवलेले, त्यालाच निघेनात. शेवटच्या स्क्रूला तर दादाचा सगळा राग नाकावर आला. तो पिळत होता, मी फळी धरून होते, दोघांची तोंडं हातभर अंतरावर. म्हटलं, आत्ता नाही बोलले तर कधीच नाही.

"दादा, ते नकलांचं — मी फार वाईट बोलले."

तो स्क्रूकडेच बघत होता. "खरंच होतं ते. म्हणून लागलं."

"खरं नव्हतं."

"बरं, नव्हतं. फळी नीट धर, पायावर घेशील."

फळी भिंतीला टेकवली, मशीन बाजूला ढकललं. केवढी खोली! मी विसरूनच गेले होते. पलीकडच्या खिडकीचा उजेड इथवर येतो.

आई ठेवणीतलं नेसून आली. फळीकडे पाहिलं आणि सरळ खुर्चीत जाऊन बसली. मी मशीनच्या जागी तिपाई लावली — सतरा फूट, टेपनं मोजले. दोनशेवर आई छातीपासून वर अशी भरून आली, मागचा पडदा पार विरून गेलेला. पण इतक्या लांबून माझं बोलणं तिला ऐकू जाईना! मग दादा मध्ये उभा राहिला. लहानपणी बाबांसाठी धरायचा तसा, उजेड चेहऱ्यावर परतवणारा पांढरा पुठ्ठा धरून.

"हनुवटी खाली, म्हणतेय."

"तिला सांग, दुखते मान."

"मान दुखते, म्हणतेय."

"अरे, थोडीच. विचार, पलीकडच्या खिडकीकडे बघशील का?"

इतकी वर्षं ती आमचं टपाल होती. आज दादा झाला. हे त्याच्याही लक्षात आलं आणि पुठ्ठा हलायला लागला हसण्यानं. आईनं आमच्या दोघांकडे पाहिलं — एकदम, एकाच नजरेत. तेव्हा बटण दाबलं.

१४ नोव्हेंबर

नाक पास!

आईनं फोटो हातभर लांब धरला, मग जवळ, मग पुन्हा लांब. "हं. ही मी आहे." एवढंच. डोळे पुसले आणि चष्मा मळलाय म्हणाली.

लेन्स ठेवून घेतेय. काकांना फोन केला. दादाला विचारलं, फळी कधी लावायची? आईच आतून ओरडली, "राहू दे! पुन्हा फोटो काढावा लागला तर?"

१६ नोव्हेंबर, रविवार

दादानं ट्रंक आणली. मला तो चाफेकळीचा फोटो बघायचाच होता. आई वहिनीकडे झोपली होती.

तळाशी मिळाला. आई तेवीस-चोवीसची, हसतेय. नाक तेवढंच! जराही कमी नाही, उलट काकणभर जास्तच.

मागे बाबांचं अक्षर: 'पन्नासची लेन्स. चार फूट.'

मी ते दादाला वाचून दाखवलं. दादा म्हणाला, "नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. हिनं स्वतःचं दाबलं, आणि तोंडं आपली उघडली."

फोटो होता तिथेच ठेवला, आणि त्यावर बाबांचा कोट. तिला काही बोलायचं नाही, असं ठरलंय आमचं.