न तुंबलेल्या पाइपाची तक्रार

तीर्थरूप ताईस,

तुझ्या बिनकामाच्या भावाचा साष्टांग नमस्कार. (बिनकामाचा हा शब्द तुझाच. पुढचं वाचून परत घेशील.) गुडघे काय म्हणतात? लेकाकडे करमतंय ना?

गेल्या पावसात तुझ्या शिवणाच्या दुकानात घोटाभर पाणी शिरलं, गिऱ्हाइकांची कापडं भिजली आणि ‘अख्ख्या गच्चीचं पाणी माझ्याच उंबऱ्यावर ओततोस’ म्हणून तू तडकाफडकी निघून गेलीस. खरं होतं ते. तो पाइप मीच बसवलेला. तीस वर्षं प्लंबिंग केलं, पाणी धो धो खाली आलं पाहिजे एवढंच मला कळायचं. पण गल्लीतल्या सगळ्या गच्च्या एकदम ओतायला लागल्या की बिचारं गटार तरी किती गिळणार?

म्हणून यंदा गच्चीवर गवत लावलं. हसू नकोस. (स्लॅबला वजन पेलेल का, ते इंजिनिअरबाईंनी आधी तपासलं. माझ्या शब्दावर सोसायटी गच्चीत बादलीसुद्धा ठेवू देत नाही.) तळाला वॉटरप्रूफिंग, वर पाणी निथळायला खडी, तिच्यावर चार बोटं माती. माती आधी स्वतः पोटभर पिते, मग उरलंसुरलं सावकाश सोडते.

मंगळवारी आभाळ फाटलं. समोरच्या इमारतीचा पाइप नुसता गर्जत होता आणि आपला ठार मुका! चेअरमनसाहेबांनी लगेच ‘पाइप तुंबला’ अशी लेखी तक्रार करून प्लंबरला बोलावलं. प्लंबर कोण, तर मीच. सगळी सोसायटी छत्र्या धरून बघतेय आणि मी पाइपात तार घालतोय. तुंबलंच नव्हतं, तर निघणार काय, कपाळ? पाऊस ओसरल्यावर करंगळीएवढी धार सुटली, तोवर गटार मोकळं झालं होतं. साहेबांनी विचारलं, ‘‘हे चुकून झालं की मुद्दाम?’’ ताई, आयुष्यात पहिल्यांदा छाती काढून म्हणालो, ‘‘मुद्दाम!’’ मग तुझ्या दुकानात अनवाणी फिरून आलो. फरशी कोरडी ठणठणीत होती गं.

तुझा (आता कामाचा) भाऊ

ता. क. विटांवर चढवलेलं तुझं मशीन खाली उतरवून तेल घातलंय. किल्ली माझ्याकडेच आहे.

आणखी एक ता. क. गवत गुडघ्याला लागलंय. तुझी मोठी कात्री हवी होती. ती तू दुसऱ्याच्या हाती देत नाहीस, ठाऊक आहे. तेव्हा कात्री घेऊन तूच ये.

शेवटचा ता. क. दुकानात राहिलेल्या छोट्या कात्रीबद्दल आल्यावर बोलू. आधी चहा घे.