पाच विभागांतली मार्लिस

६ एप्रिल
मे महिन्यात संचालक मंडळाला आकडे द्यायचेत : कोणत्या विभागात डॉक्टर-नर्स किती वाढले. वाढ दिसली की मी व्हाइस प्रेसिडेंट. हे किरकोळ काम. आठवड्यात उरकणार.

१९ एप्रिल
उरकलं नाही. वर्षात दोन नर्स सोडून गेल्या, एक आली, तीही आपणहून. मिनेसोटाच्या थंडीत माणसं टिकत नाहीत, त्याला भरतीप्रमुख काय करणार?
हेड नर्स मार्लिस हाउगेन रडगाणं घेऊन आली. म्हणे, सकाळी मुलांच्या वॉर्डात, दुपारी हाडांच्या, मग इमर्जन्सीत. पाच विभागांच्या ड्युटीचार्टवर माझं नाव आहे साहेब, पाय मात्र दोनच. या बायकांना तक्रारीशिवाय येतं काय?

२० एप्रिल, पहाटे
पाच चार्टवर नाव! म्हणजे पाच नर्स. डॉक्टर फेरो तीन ठिकाणी, म्हणजे तीन डॉक्टर. गेल्या वर्षी चौतीस, यंदा अठ्ठावन. सत्तर टक्के वाढ. आपल्या डोक्याला तोड नाही.

८ मे
अहवाल गेल्या आठवड्यातच मंडळाला दिला. आज नर्सेस वीक, म्हणजे नर्सच्या कौतुकाचा आठवडा. पगार वाढवण्यापेक्षा पिझ्झा स्वस्त. अठ्ठावन माणसांचा मागवला. तेहेतीसच आली, तीही पाळीपाळीने, उभ्याउभ्या खाऊन पळाली. शिस्त नाही.
मंडळाच्या अध्यक्षा लिंडक्विस्टबाईंनी उरलेल्या डब्यांकडे बघून विचारलं, बाकीचे कुठायत? मी ठणकावून सांगितलं, वॉर्डात. मार्लिसला ठसका लागला. अध्यक्षाबाई बघायला गेल्या. वीस मिनिटांनी परतल्या. तीन वॉर्डांत मिळून एकच नर्स धावत होती, आणि एका आजोबांनी बाईंकडेच बेडपॅन मागितलं. दिलं म्हणे.
छान झालं. हॉस्पिटल त्यांना जवळून बघायला मिळालं.

१४ मे
उद्या भेटायला बोलावलंय. नवा टाय घेतला.

१५ मे
लिंडक्विस्टबाई म्हणाल्या, तुमच्या अहवालाप्रमाणे भरती भरपूर झालीय, तेव्हा भरतीप्रमुखाची गरज नाही. माझ्या पगारात दोन नर्स घेणार आहेत.
मी टेबल आवरत होतो, तेव्हा मार्लिस आली. हातात फ्रीजरमधल्या पिझ्झाचे डबे. म्हणाली, "घरी न्या साहेब. आणि अभिनंदन! सहा वर्षांत तुमच्यामुळे पहिल्यांदाच कुणाची भरती झाली."
धादांत खोटं. आणखी एक तरी केली असणार मी. तासभर आठवतोय.