पंगतीतला कंदील

मी, मुरलीधर दत्तात्रय खांबेटे, वय वर्षे सहासष्ट, व्यवसायाने टूलमेकर, आता निवृत्त, राहणार हॉरफील्ड, ब्रिस्टल, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हस्ताक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. माझी मुलगी निवेदिता हिने "बाबा, इंग्लिशमध्ये लिहा ना, सॉलिसिटरला सोपं पडेल," असा लकडा लावला होता, पण त्याला जबरदस्ती म्हणत नाहीत. मला जे लिहायचं आहे ते दोन मराठी शब्दांवर अडलेलं आहे आणि त्यांचं इंग्लिश मला जमलेलं नाही. भाषांतर तिने नंतर करून घ्यावं. दोन डिसेंबरला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. सर्जनबाई म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. मी घाबरलेलो आहे, पण झडपेमुळे नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. माझं हॉरफील्डचं राहतं घर, आतल्या सामानासह, निवेदिताला मिळावं. मागच्या अंगणातलं सफरचंदाचं झाड माझी पत्नी सुप्रभा हिने लावलेलं आहे. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. शेजारच्या मार्गारेट होल्टबाईंची तक्रार आहे की त्याची पानं त्यांच्या पन्हळीत जाऊन बसतात. तक्रार अगदी खरी आहे. तरीही झाड तोडू नये.

२. बँकेत असेल ते निवेदिताचं. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचं कामही तिचंच, कारण ती कंटाळत नाही आणि फॉर्म नीट भरते.

३. माझी हत्यारं, म्हणजे मायक्रोमीटर, व्हर्नियर, कानशी आणि लाकडी पेटीतले सगळे गेज, लोकांच्या मोडक्या वस्तू फुकट दुरुस्त करून देणाऱ्या इथल्या रिपेअर कॅफेला द्यावीत. कानशींना तेल लावू नये. हे मी तिथल्या मंडळींना तीनदा सांगितलं आहे.

४. आता पंगत. सुप्रभा गेल्यावर मी संध्याकाळी भिंतीकडे बघत बसायचो, म्हणून निवेदिताने मला 'हॉलोमियर' नावाचा ऑनलाइन खेळ लावून दिला. त्यात दहा-बाराजणांनी मिळून राक्षस मारायचा आणि तो मेला की जे निघेल ते वाटून घ्यायचं. या देशात राहणाऱ्या आम्हा बारा मराठी माणसांच्या टोळीचं नाव 'पंगत'. लूट वाटणाऱ्याला आम्ही वाढपी म्हणायचो, आणि सात वर्षं तो वाढपी मी आहे. आमचे नियम दोन. वाढप्याने सगळ्यांत शेवटी जेवायचं. आणि मोठी वस्तू निघाली तर जिची पाळी असेल त्या व्यक्तीला तीन वेळा विचारायचं, कारण आपल्या माणसांना पहिल्या विचारण्याला हो म्हणताच येत नाही. हॅरोला जन्मलेला समर यावर फार वैतागायचा. "काका, तो एकदा नको म्हणाला ना? नो मीन्स नो. व्हाय आर वी डुइंग धिस थ्री टाइम्स?" मी त्याला म्हणायचो, तुझ्या आजीने तुला पोळी वाढताना कधी एकदाच विचारलं होतं का?

वरद पेंडसे हा पंगतीतून जाताना सामायिक पेटीतलं सगळं सोनं घेऊन गेला. सोनं खेळातलं होतं, चोरी खरी होती. त्याला मी काहीही देत नाही. नाव एवढ्यासाठी लिहिलं की मी विसरलो असा त्याचा समज होऊ नये. मात्र मागची पावणेतीन वर्षं वरदला शिव्या देताना माझी जीभ अडखळते. त्याचं कारण पुढच्या कलमात आहे.

५. कस्तुरी आमच्यात होती. हॅरोला राहायची, चौतीस वर्षांची, नवरा उदय, मुलगी मायरा. खेळातलं तिचं नाव घारी. मला ती 'वाढपीकाका' म्हणायची. दुसऱ्या केमोनंतरही ती दर रविवारी दुपारी आमच्यात यायची. शेजारी स्टीलचा फ्लास्क असायचा आणि दर थोड्या वेळाने ती त्याचं झाकण फिरवून आल्याचं गरम पाणी प्यायची. तो कुर्र आवाज बाराही जणांच्या हेडफोनमध्ये यायचा. "कस्तुरी, जरा म्यूट कर गं," असं मी तिला किती वेळा म्हणालो असेन.

खेळात एक कंदील आहे. तो हातात असला की दलदलीतून वाट दिसते. क्वचितच निघतो आणि ज्याच्या नावावर एकदा चढला त्याच्याच नावावर कायमचा राहतो. तो देता येत नाही, विकता येत नाही. आम्ही चौदा महिने त्याच्या मागे होतो. पाळी कस्तुरीची होती. मायराला तो चित्रात फार आवडायचा. मलाही तो हवा होता, हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. एवढी वर्षं शेवटी जेवलो होतो.

पाच फेब्रुवारी २०२३, रविवारी, कंदील निघाला. त्या आठवड्यात कस्तुरीचं तोंड आतून सोललेलं होतं, बोलता येत नव्हतं, म्हणून ती टाइप करत होती. मी लिहिलं, "कंदील निघाला. कस्तुरी?" तिचं उत्तर आलं, "राहू दे."

बोलली असती तर कळलं असतं. राहू दे म्हणजे नको, जाऊ दे. आणि राहू दे म्हणजे असू दे माझ्याकडे. सूर ऐकला की त्यातलं कुठलं ते लहान मूलही सांगेल. टाइप केलेल्या अक्षरांना सूर नसतो. मी ते 'नको' असं वाचलं आणि कंदील माझ्या नावावर चढवला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मनीषा लीड्सहून म्हणाली, "अखेर वाढपी जेवला!" दुसऱ्यांदा मी विचारलं नाही. तिसऱ्यांदा तर नाहीच.

इथवरची हकीकत मी स्वतःलाही अशीच सांगत आलो. ती खोटी आहे. "राहू दे"च्या खाली तीन टिंबं हलत होती. कस्तुरी पुढे काहीतरी लिहीत होती. मला ती टिंबं दिसली आणि ती हलत असतानाच मी बटण दाबलं. टिंबं थांबली. थोड्या वेळाने तिने लिहिलं, "अभिनंदन वाढपीकाका." ती त्यानंतर पंगतीत आली नाही. अठ्ठावीस फेब्रुवारीला गेली.

६. अंत्यसंस्काराला मी हॅरोला गेलो होतो. बाहेर पार्किंगमध्ये उदय मला म्हणाला, "काका, तो लँटर्न काय आहे हो? शेवटी शेवटी ती सारखं म्हणायची, मी काकांना राहू दे म्हटलंय, मायरासाठी. ठेवलाय ना तुम्ही?" मी म्हणालो, "हो, ठेवलाय." त्याने माझा हात हातात घेतला आणि थँक यू म्हणाला. त्याला खरं सांगण्याचं धैर्य मला आजवर झालं नाही.

या खेळात माणूस बाहेर पडला तरी त्याचं पात्र जिथे बसलं असेल तिथेच बसून राहतं. घारी आमच्या दालनात लांब मेजापाशी उघड्या डोळ्यांनी बसलेली आहे. उदयने तिच्या वर्गणीचा डायरेक्ट डेबिट बंद केलेला नाही, त्यामुळे यंत्राच्या हिशेबी ती अजून आमच्यात आहे आणि पाळीही अजून तिचीच आहे. काहीही निघालं की यंत्र आधी तिला विचारतं. माझ्या पडद्यावर अक्षरं येतात: 'घारीच्या उत्तराची वाट पाहत आहे.' पुरी साठ सेकंदं. ती संपल्याशिवाय पुढे काही वाटता येत नाही. सगळे माइक बंद करून थांबतात. समर मागे एकदा फार हळू म्हणाला, "काका, सॉरी, पण वी हॅव टू रिमूव्ह हर. दोन वर्ष झाला. प्रत्येक वेळी हे होते ना, मी स्क्रीन बंद करते." त्याच्या मराठीतली चूक सुधारायचं मला सुचलं नाही. तिला काढण्याचा अधिकार फक्त वाढप्याला आहे. मी नाही म्हणालो. बारातले पाच त्यानंतर सोडून गेले.

त्या साठ सेकंदांत मला फ्लास्कचं झाकण फिरवल्याचा आवाज येतो. मी मशीनवर आयुष्य काढलेला माणूस आहे. हेडफोन बदलले, कॉम्प्युटर बदलला, कान तपासून घेतले. कान वयाच्या मानाने उत्तम आहेत म्हणे. आवाज साधारण चाळिसाव्या सेकंदाला येतो. मनीषाला विचारलं, तिला येत नाही. परवा हेडफोन टेबलावर काढून ठेवले होते, तरी आला. मला या आवाजाची भीती वाटते, आणि तो कधी आला नाही तर काय, याचीही वाटते.

७. म्हणून लिहितो: हॉलोमियरमधलं माझं खातं, त्यातलं पात्र आणि त्याच्या नावावरचा कंदील मी उदय गणेश सबनीस यांना देत आहे, मायरासाठी. कंदील सुटा देता येत नाही म्हणून सगळं खातंच देतो. कंपनीच्या नियमांत हे बसत नाही हे मला ठाऊक आहे. पासवर्ड मायक्रोमीटरच्या पेटीत पाकिटात आहे; पेटी देण्याआधी ते काढून घ्यावं. माझ्यामागे मनीषाने वाढपी व्हावं. घारीला पंगतीतून कोणी काढू नये. ते ठरवायचं तर उदयने ठरवावं, आम्ही नाही. शस्त्रक्रियेच्या आधी कंदील माझ्या हातून लिहून दिला गेला पाहिजे, एवढीच या मृत्युपत्रामागची खरी निकड आहे. घर-बँक निवेदिताला तशीही मिळाली असती.

८. सही करण्यापूर्वी आज जे घडलं ते इथे नोंदवून ठेवतो.

उदयला मी मुद्दाम बोलावलं होतं. तो सकाळच्या गाडीने आला. चहा झाल्यावर मी हे कागद त्याच्यापुढे ठेवले आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. पाचवं आणि सहावं कलम त्याने दोनदा वाचलं असावं, कारण पानं मागे उलटल्याचं मला ऐकू आलं. मी बाहेर आलो तेव्हा तो खिडकीतून झाडाकडे बघत होता. मी म्हणालो, "उदय, मी तुझ्याशी खोटं बोललो."

तो म्हणाला, "हो."

साक्षीदार म्हणून मी होल्टबाई आणि त्यांचे यजमान यांना बोलावलं होतं. त्यांना मराठीचं अक्षर वाचता येत नाही, पण कायद्याला फक्त मी सही करताना दोघांनी पाहिलेलं लागतं. बाई एकट्याच आल्या, यजमान पाठ धरून झोपले होते. दुसऱ्या साक्षीदारासाठी समोरच्या घरी जावं म्हणून मी कोट घातला, तर उदय म्हणाला, "राहा तुम्ही. मी करतो सही."

मी त्याला सांगितलं की तू करू नकोस. या देशाच्या कायद्यात साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. तू सही केलीस की सातवं कलम तिथल्या तिथे रद्द होईल, कंदील मायराला जाणार नाही.

"माहीत आहे, काका," तो म्हणाला. "म्हणूनच."

आणि त्याने माझ्याच खिशातलं पेन काढून घेतलं आणि मी आधी सही करावी म्हणून माझ्यापुढे धरलं. सातवं कलम मी खोडलेलं नाही. ते कायदा करील. मी गेल्यावरही कंदील माझ्याच नावावर असेल.

मृत्युपत्र करणार: मुरलीधर द. खांबेटे

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमक्ष आम्ही:

साक्षीदार १: मार्गारेट होल्ट, निवृत्त ग्रंथपाल, हॉरफील्ड, ब्रिस्टल

साक्षीदार २: उदय गणेश सबनीस, हॅरो

ठिकाण: ब्रिस्टल
दिनांक: शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५