मालकीणबाईंच्या डाव्या पायाची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, धंद्याने गादीवाला, म्हणजे सोफे, खुर्च्या आणि गाड्यांच्या सीटा बांधून देणारा, आता निवृत्त, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि शिल्लक असलेल्या अक्कलहुशारीने लिहून ठेवत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. लिहिताना खोलीत फक्त एक कोंबडी आहे आणि तिचा कशावरही हक्क सांगण्याचा विचार दिसत नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते करताना मी मेहुण्यावर चिडलेलो होतो आणि निम्मा मजकूर त्याच्यावरच खर्च झाला होता.

मला दोन मुलं. थोरली मुलगी शाळेत शिकवते, धाकटा मुलगा गॅरेज चालवतो. त्यांची आई गेल्यावर मुलाने तिचं शिलाई मशीन अडगळ म्हणून भंगारवाल्याला देऊन टाकलं. बहिणीला विचारलं नाही. तिने त्याच्याशी बोलणं टाकलं, आणि हा असा शहाणा की त्यानेही टाकलं. पुढे कित्येक वर्षं या घरात "बाबा, त्याला सांगा" आणि "बाबा, तिला सांगा" एवढंच चालत होतं. मी गादीवाला होतो, त्या काळात मला पोस्टाचंही काम लागलं. माझ्यामागे पुन्हा तशी वेळ आली तर पोस्ट चालवायला कोणी नाही, ही माझी काळजी आहे, आणि पुढची सगळी कलमं त्या काळजीतूनच लिहिलेली आहेत.

कलम पहिलं. राहतं घर, मागचं अंगण, पेरूचं झाड आणि खुराडं हे सगळं दोघांना समाईक. सदर कोंबडी हयात असेपर्यंत घर विकू नये, वाटणी मागू नये, मधे भिंत घालू नये. कोंबडीची सेवा दोघांनी मिळून करावी. एकाने सकाळी आणि एकाने संध्याकाळी, अशी पळवाट चालणार नाही. ती तुमची एकदा काढून झालेली आहे.

कलम दुसरं. कोंबडीचं नाव मालकीणबाई. ते माझ्या बायकोने ठेवलं. पिल्लू असताना ती घरात शिरून माझ्या कामाच्या स्टुलावर चढून बसली, आणि मी हुसकायला गेलो तर माझ्याच बोटावर चोच मारली. बायको म्हणाली, "तुम्ही बसा खाली. मालकीण बसलीय ना वर." रंग तांबूस, मानेवर एकच पांढरं पीस.

बायको शेवटच्या आजारात अंथरुणावर होती तेव्हा तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, कपाटाच्या किल्ल्यांबद्दल सांगेल. ती म्हणाली, "मालकीणबाईंकडे बघा. पोरांचं काय, ती मोठी झालीत, एकमेकांना बघतील." पहिलं वाक्य मी शब्दशः पाळलं. दुसरं साफ चुकलं, पण ते तिला सांगायला मला सवड मिळाली नाही.

मालकीणबाईंची दुखणी म्हणाल तर कोंबडी लहान आणि यादी मोठी. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून दाणे उजवीकडूनच टाकायचे, नाहीतर ती शेजारच्या रिकाम्या जमिनीशी भांडत बसते. गळ्याखालची पिशवी तुंबते, तोंडाला आंबट वास येतो. तेव्हा तेलाचे दोन थेंब पाजून ती पिशवी वरून खाली हलक्या हाताने चोळायची. चोळताना बोलत राहावं लागतं, गप्प बसून चोळलेलं तिला आवडत नाही. अंडी देणं बंद होऊन जमाना झाला. शेवटची अंडी तर बिनकवचाची होती, नुसती पातळ कातडी. आणि मुख्य म्हणजे उजव्या पायाच्या तळव्याला गळू. कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकायचा, पुसायचा, मलम लावायचं आणि बोटं मोकळी राहतील अशी पट्टी बांधायची. उडी मारून तळवा दुखावू नये म्हणून मी तिला बसायला खालची फळी करून दिली. तिच्यावर सिनेमागृहाच्या बाल्कनीतल्या सीटचा स्पंज घातला आहे. एवढ्या चांगल्या जागेवर बसून मी स्वतः कधी सिनेमा पाहिलेला नाही.

जनावरांचे डॉक्टर मुळात कुत्र्यामांजरांचे. तिला पहिल्यांदा नेलं तेव्हा म्हणाले, "काका, नाकापेक्षा मोती जड होतोय. दुसरी कोंबडी घ्या की."

मी म्हटलं, "डॉक्टर, मीही म्हाताराच आहे. माझ्या पोरांसमोर असले सल्ले देऊ नका."

तेव्हापासून ते मुकाट्याने औषध देतात. हे कलम लांबलं, याची मला जाणीव आहे. पण तिचं हे सगळं कोणीतरी केलं होतं, हे एकदा कागदावर असावं असं वाटलं.

कलम तिसरं. माझी हत्यारं. मोठी कात्री मुलीला. लहानपणी तिने त्या कात्रीने गिऱ्हाईकाच्या मखमलीतून बाहुलीचा झगा कापला होता. तेव्हा मी ओरडलो, पण कापलेली कड बघून मनात म्हटलं, हात बरा आहे पोरीचा. बाकदार सुया, ताण ओढायचा चिमटा आणि लोहचुंबकी हातोडी मुलाला. बाबा रे, यातलं काहीही भंगारात देण्यापूर्वी ताईला विचार.

कलम चौथं. बँकेत जे असेल ते दोघांनी निम्मं निम्मं घ्यावं. पहिला खर्च मात्र एक शिलाई मशीन घेण्याचा, पायाने चालणारं, काळं. ते आईचं नसेल हे मलाही कळतं. घरात असू द्या.

कलम पाचवं. मेहुण्याला माझ्या इस्टेटीतून काहीही मिळू नये. बायको गेल्यानंतर तो जेव्हा जेव्हा घरी आला, तेव्हा तेव्हा अंगणात उभा राहून मालकीणबाईंकडे बघत म्हणाला, "भाऊजी, अजून पातेल्यात गेली नाही वाटतं?" एकच विनोद माणसाने किती काळ वापरावा? आम्ही गादीचं कापडसुद्धा इतकं वापरत नाही. तरी अगदीच रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून पातेलं त्याला द्यावं. बूड गळकं आहे.

शेजारचे निवृत्त पोस्टमन या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असं वकील म्हणाले, म्हणून त्यांना काही ठेवत नाही. माझी शिडी त्यांच्याकडेच असते, ती मी यापुढे मागणार नाही.

कलम सहावं. हे सर्वात महत्त्वाचं. डॉक्टरही साक्षीदार आहेत. साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, तेव्हा डॉक्टर, तुम्ही हे वाचू नका.

गेल्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात होतो तेव्हा मुलगी सकाळी आणि मुलगा संध्याकाळी कोंबडीकडे येत, म्हणजे समोरासमोर यायला नको. मला घरी आणलं, खिडकीपाशी झोपवलं आणि दोघं मागच्या अंगणात गेली. खिडकी उघडी आहे हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही.

मुलाचा आवाज आला, "ताई, पाय कुठला?"

"डावा."

"नक्की?"

"म्हणजे काय, मी खोटं सांगतेय?"

"तसं नाही गं. ही लाथा मारतेय. तू धर, मी बांधतो."

मी उशीवर तसाच पडून राहिलो. पाय उजवा होता, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. त्याने तिला ताई म्हटलं होतं. इतक्या वर्षांनी!

मग दोघं कोंबडी घेऊन आत आली. पट्टी डाव्या पायाला. मी डाव्या बाजूने दाणा टाकला, तिने तो खाली पडायच्या आत टिपला. मानेवरच्या पांढऱ्या पिसाला ऑइलपेंटचा वास येत होता. माझा जन्म डिंक आणि पॉलिश हुंगण्यात गेलाय आणि हे मला रंगाने फसवू पाहतात! दुसऱ्या दिवशी ती भिंतीवर चढली. आठवडा संपायच्या आत तिने अंडं दिलं, कडक कवचाचं, टपोरं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही घरी आलात ना, त्याचा आनंद." मी डॉक्टरांना बोलावलं. ते छताकडे बघायला लागले. म्हणाले, "काका, कधीकधी वय उलटं फिरतं." डॉक्टर, तुम्ही अजून वाचताय का?

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. माझी मालकीणबाई मी दवाखान्यात असतानाच गेली, आणि मला धक्का बसू नये म्हणून दोघांनी मिळून तिच्यासारखी दुसरी आणली. पेरूखालची माती नवी उकरलेली होती. न्हाणीघरात नळ सोडून मी पोटभर रडलो. टाके दुखत होते, तरी रडलो. मग मनाई असूनही वाकून त्या मातीभोवती सोफ्याला मारतात ते पितळी टोपीचे खिळे गोल टोचून ठेवले. मुलीने विचारलं, "बाबा, हे काय?" म्हटलं, "मुंग्या येत नाहीत." तिने मान डोलावली आणि त्या दिवसापासून दोघं माझ्याशी जरा मोठ्याने आणि सावकाश बोलायला लागली.

मी गप्प का बसलो? मला खाली वाकायची मनाई झाली होती, म्हणून पाय शेकायला दर रविवारी दोघं येऊ लागली. एकाने धरायचं, एकाने बांधायचं, हे काम एकट्याचं नाहीच. पाणी गरम होईपर्यंत बोलणं भाग पडतं. आधी मिठावर बोलली, मग पट्टीवर, मग नातवंडांच्या शाळेवर. एका रविवारी मशीनचा विषय निघाला. मुलगी रडली, मुलगा म्हणाला, "चुकलं माझं, ताई," आणि मधल्या मधे कोंबडी पाण्याची बादली उलटवून पळाली. दोघं तिच्यामागे अंगणभर धावत होती आणि हसत होती. ज्या पायाला काही झालेलं नाही तो पाय आम्ही तिघं वर्षभर शेकतोय. दोघांना वाटतं, बाबांना माहीत नाही. मला सगळं माहीत आहे आणि मी गरम पाण्याची आठवण करून देतो. खरं सांगितलं तर रविवार बंद पडेल, अशी मला भीती वाटली. अजूनही वाटते. मालकीणबाई मी सांभाळली होती. पोरांना सांभाळलं ते तिच्या जागी आलेल्या या धडधाकट बाईने. माझ्या बायकोला हे ऐकून फार हसू आलं असतं.

कलम सातवं आणि शेवटचं. हे वाचून झालं की दोघांनी अंगणात जावं. नेहमीप्रमाणे एकाने धरावं, दुसऱ्याने डाव्या पायाची पट्टी सोडावी आणि पुन्हा बांधू नये. त्या पायाला काही झालेलं नाही, कधीच नव्हतं. बिचारीने फार सोसलं, तिला त्या दिवशी दाणे जास्त घालावेत.

उजवा पाय मात्र आजवर कोणी नीट पाहिलेला नाही. म्हातारपणी गळू कधी होईल सांगता येत नाही. तो दर रविवारी दोघांनी मिळून पाहत जावा.

येणेप्रमाणे लिहिलं, वाचलं, बरोबर आहे म्हणून सही केली.

स्थळ: राहतं घर, मागची खोली, खिडकी उघडी.
तारीख बावीस, वार रविवार, मुलं यायच्या आत.

सही: गादीवाला

साक्षीदार पहिला: शेजारचा पोस्टमन, निवृत्त. गादीवाल्यांनी माझ्यासमोर सही केली. शिडी उद्या आणून देतो.

साक्षीदार दुसरा: जनावरांचा डॉक्टर. माझ्यासमोर सही झाली. मजकूर वाचला नाही असं लिहिणार होतो, पण वाचला. माफ करा, काका. उजव्या पायाकडे लक्ष ठेवावं लागेल, हे माझंही मत आहे.