लेकीच्या ताटासमोर गप्प बसताना

घरच्या सरकारांना दुरून नमस्कार,

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा काय म्हणतोय? जिना जपून चढतेस ना?

लेक बरी आहे. जेवणाच्या भीतीवरच्या ज्या संशोधनात सामील होऊन ती इथे उपचार घेतेय, तिथल्या डॉक्टरबाई म्हणतात, "जेवणाची भीती घालवायच्या मागे लागू नका. भीती शेजारी बसली तर बसू दे, पोरीनं घास मात्र घ्यायचा." मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे भीतीला हाकलतात." त्या हसल्या, "मग गेली का?"

काल लेकीनं निम्मं ताट संपवलं आणि जन्मभर गिऱ्हाइकाला "आणखी एक दाखवू?" म्हणत आलेला मी बोलून गेलो, "शाब्बास! आणखी वाढू?" तिनं चमचा खाली ठेवला तो ठेवलाच.

आज मी मुकाट्यानं माझं जेवत बसलो. मधेच लेक म्हणाली, "बाबा, खूप भीती वाटतेय."

"मलापण," म्हणालो.

ती खुदकन हसली आणि पुढचा घास घेतला.

आता एक कर. फोनवर तिला "जेवलीस का?" विचारू नकोस. जड जाईल, ठाऊक आहे. प्रश्न ओठांवर आला तर येऊ दे, आणि तू तिला झोपेचं विचार.

तुझेच,
अहो