कावीळ न झालेली घरं

४ ऑगस्ट १९६६
आणखी दोन! बनुबाईंचे डोळे हळदीसारखे पिवळे. माझ्या आरोग्यखात्याच्या वहीत आता गावातले चौदा झाले. आणि बौद्धवस्तीत एकही नाही. एकही! मला हे सरळ वाटत नाही.

५ ऑगस्ट
सरपंच आप्पासो म्हणाले, "चैतात ती मानसं गावच्या हिरीवर यायला लागली, आन् आता कावीळ. आनखी काय पुरावा पायजे?" परवाच्या बैठकीत वस्तीचं पाणी बंद करणार. राग आला. पण इथं खोटं कशाला लिहू — माझ्याही मनात तेच गणित. आधी ते, मग हे.

६ ऑगस्ट
पहाटेपासून विहिरीवर पाळत ठेवली. वस्तीतला जोतीराम आला, दोन घागरी भरल्या. माझ्याकडं बघून म्हणाला, "सायेब, आमी बी ह्येच पानी पितो न्हवं?"  तरी संशय जाईना. काहीतरी लपवतोय लेकाचा!

दुपारी दहिवडीला दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई वैतागल्या. मागून आलं म्हणजे त्यातूनच आलं, असं होत नाही म्हणाल्या. पाणी सगळ्यांचं एक, मग कावीळ ठरावीक लोकांनाच का? "आजारी कोण ते सगळेच लिहितात. आजारी नाहीत त्यांची यादी करा, आणि त्यांचं काय वेगळं ते शोधा."

७ ऑगस्ट
बनुबाई सकाळी गेल्या. बैठक उद्यावर.

मातीनंतर यादी घेऊन दारोदार हिंडलो. कृष्णातच्या घरात पाचांतले चार पिवळे, धाकटी अंजना ठणठणीत. जत्रेआधी मी कॉलऱ्याची सुई टोचायला गेलो तेव्हा म्हणे ती रिकाम्या कणगीत लपली होती. हसू आलं. पुढच्या घरी न टोचलेली म्हातारी ठणठणीत. त्याच्या पुढच्या घरीही तेच. हसू पळालं.

८ ऑगस्ट
रात्रभर आठवतोय. मे महिना, जत्रेआधीचा टोचण्याचा दिवस. सुट्टीवर आलेला फौजी मानसिंग रांगेत पहिला, गावानं दिलेला मान! त्याचे डोळे तेव्हाच पिवळट होते. विचारलं तर म्हणाला, कावीळ होती, गेली आता. त्याच्यामागं साठ माणसं. स्टोव्हचं रॉकेल संपलेलं. सुई उकळलीच नाही, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत गेलो.

पण थांब! दुसऱ्या दिवशी वस्तीतही मीच टोचलं, घरोघर सगळ्यांना. तिथं एकाला तरी झाली का? नाही! म्हणजे दोष सुईचा नाही. सुटलो बुवा.

८ ऑगस्ट, बैठकीला निघताना
वस्तीची सुई वेगळी होती. आप्पासोंनीच ठेवायला लावली — "त्यांची सुई आमाला नगं." मी निमूट मान डोलावली होती. ती घरून चुलीवर उकळून नेली होती.

बैठकीत पहिला मीच बोलणार. बनुबाईंपासून सुरुवात करीन. त्यांना टोचणारा हात माझा.